कोणतं आयुष्य घ्याल?

कोकंदच्या त्या मोहल्ल्यात तिशीच्या आतला असा एकही दंड नव्हता, ज्यात मुकर्रम-ओपानं सुई टोचली नव्हती. सत्तावीस वर्षं ती दवाखान्यात लस टोचणारी नर्स होती. ओपा म्हणजे ताई, पण तिच्याहून मोठ्या बायासुद्धा तिला ओपाच म्हणायच्या. सुई ज्याच्या हातात असते त्याला माणसं आपोआप मान देतात. रस्त्यात समोरून येणारा चांगला मिशीवाला गडीही तिला पाहून डावा खांदा किंचित मागे घ्यायचा.

तिची एकच मिजास होती, ती म्हणजे नोंदवही. दवाखान्यातल्या बाकीच्या जणी हिवाळ्यात शेगडीपाशी बसून घरोघरच्या नोंदी आठवणीनं भरत. मुकर्रम-ओपा चिखल तुडवत जायची, दार वाजवायची, बाळाला रडवायची आणि मगच लिहायची. एकदा एका पोराच्या लशीची तारीख एका दिवसानं चुकली, तर स्वतःहून मोठ्या डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, "ओपा, हे कुणाच्या लक्षात आलं असतं?" ती म्हणाली, "माझ्या आलंय ना." ती निवृत्त झाली त्या दिवशी तिला शाल मिळाली, फुलदाणी मिळाली. शाल तिनं नणंदेला दिली, फुलदाणी कपाटावर गेली. जपून ठेवलं ते डॉक्टरांच्या भाषणातलं एक वाक्य: "या बाईनं डोळ्यांनी न पाहिलेलं कधी लिहिलं नाही."

मग ती घरी बसली आणि तिच्या ध्यानात आलं की घरात बसण्याखेरीज तिला काही काम नाही. सून गुणी होती. इतकी गुणी, की ओपानं चमचा उचलला की "आई, तुम्ही बसा". केरसुणीला हात लावला की "आई, तुम्ही बसा". पाच वेळची नमाज झाली की उरलेला दिवस अंगणातल्या माच्यावर तिच्यासमोर बसून राहायचा. नवरा, सोबिरजोन, आयुष्यभर रेडिओ दुरुस्त करून आता चहाखान्यात बसत असे आणि आयुष्यभर ऐकलेलं तिथं परत बोलून दाखवत असे. शेवटी एका दुपारच्या नमाजनंतर ओपानं हात पसरून मागितलं, "देवा, मला जरा पायपीट दे."

देवानं दिली, आणि वर एक टॅब दिला.

ताश्कंदच्या एका संस्थेची पाहणी होती. दारोदार जायचं आणि टॅबवर दोन आयुष्यं दाखवायची, एक अ आणि एक ब. दोन्ही मनानं रचलेली. प्रत्येकात पाच ओळी: चालणं-फिरणं कसं, अंघोळ-कपडे स्वतःचे स्वतः होतात का, रोजची कामं होतात का, दुखतं किती, आणि मनाला घोर किती. माणसानं दोहोंतलं एक निवडायचं. अशा हजारो निवडी एकत्र केल्या की लोकांना काय जास्त नकोसं वाटतं, दुखणं की लोळागोळा होणं की उदासी, ते आकड्यांत उतरतं, आणि मग कुठलं औषध आधी आणायचं ते ठरवायला सरकारला आधार मिळतो. हे तीन दिवसांच्या शिकवणीत मिरअफझल नावाच्या तरुण साहेबानं सांगितलं. तो परदेशात शिकून आला होता आणि चष्मा पुसता पुसता बोलायचा. "प्रश्न जसा लिहिलाय तसाच वाचायचा," तो म्हणाला. "एक शब्द इकडचा तिकडे झाला की आकडा गेला." ओपानं ते वाक्य डॉक्टरांच्या वाक्याशेजारी नेऊन ठेवलं.

पहिलं घर शाहिस्ताचं. ती शाळेत भूगोल शिकवायची. तिनं दार उघडलं तेव्हा कंबरेला लोकरी शाल आवळून बांधलेली आणि एक हात भिंतीवर.

आधी तिची स्वतःची तब्येत विचारायची होती.

"आज तुम्हाला काही वेदना आहेत का?"

"शुक्र, काही नाही."

"कंबरेला काय झालंय?"

"मोडलीय थोडीशी. शुक्र, देवाची कृपा."

ओपानं 'वेदना नाहीत' वर बोट ठेवलं. बाई जे म्हणाली ते लिहायचं.

मग दोन आयुष्यं आली. 'चालायला बराच त्रास' म्हणजे किती, ते नीट कळावं म्हणून ओपा उठली आणि दोन पावलं लंगडून दाखवू लागली. शाहिस्ता किंचाळायचीच राहिली. "स्वतःवर नका दाखवू ओपा, अंगाला लागतं ते. बसा आधी."

"मग कशावर दाखवू?"

"या चहाच्या समोवरावर दाखवा."

"बरं. समजा, या समोवराला चालता येत नाही."

"तो तसाही बसूनच असतो," शाहिस्ता म्हणाली, पण तिचं समाधान झालं.

मग एकेका जोडीचा प्रश्न. सातव्या जोडीलाही ओपानं चष्मा सारखा केला आणि शब्दन् शब्द वाचला: "मेहेरबानी करून सांगा, यांतलं कोणतं आयुष्य तुम्ही घ्याल?"

समोर जेवणाचा दस्तरखान पसरलेला. नान, द्राक्षं, कापलेलं खरबूज, हिरवा चहा. शाहिस्तानं दोन्ही आयुष्यं पाहिली. एकात सगळं ठणठणीत होतं. दुसऱ्यात अंथरुणातून उठता येत नव्हतं, असह्य दुखत होतं आणि जीव सदा टांगणीला. तिनं टॅब दोन्ही हातांनी ओपाकडे सरकवला.

"हे चांगलं तुम्ही घ्या ओपा. मी हे दुसरं घेईन."

"अगं, कसं शक्य आहे? तू घे."

"नाही नाही. उन्हातून आलात तुम्ही."

"तुझी पोरं लहान आहेत, तू घे."

"माझ्या गळ्याची शपथ, तुम्हीच घ्या."

तीनदा झालं. तीनदा झाल्यावर पुढं ताणणं म्हणजे यजमानाचा अपमान. ओपानं हात छातीवर ठेवून मान झुकवली आणि शाहिस्ताच्या नावापुढे अंथरुणाला खिळलेलं आयुष्य लिहिलं. बाहेर पडताना तिच्या मनात आलं, किती चांगल्या संस्कारांची मुलगी.

चाळीस घरं झाली. मोहल्ला संस्कारांनी ओसंडत होता. चाळिसाव्या घरानंतर चार दिवसांनी मिरअफझलचा फोन आला.

"ओपा, तुमच्या चाळीसपैकी एकतीस जणांनी सातवा प्रश्न चुकवलाय."

"चुकवलाय म्हणजे? बरोबर आणि चूक असं काही नसतं, हे तुम्हीच शिकवलंत."

"बाकीच्या प्रश्नांत नसतं. सातवा मुद्दाम घातलाय. त्यात एक आयुष्य पाचही ओळींत दुसऱ्यापेक्षा चांगलं असतं. लोक लक्ष देऊन बोलतायत का, ते त्यातून कळतं. आणि तुमच्या एकतीस माणसांनी लोळागोळा होणं पसंत केलंय."

"हो. चांगलं ते मला देत होते."

"काय देत होते?"

"चांगलं आयुष्य. मी नाही म्हटलं, तरी ऐकेनात."

"ओपा, ही पाहणी आहे. ओश-पुलाव खायची पंगत नाही." त्याचा आवाज थंड होता. "दुसऱ्या शहरात एक बाई आहेत. त्यांची एकही चूक नाही. तुमच्या एकतीस. अशा वेळी आमच्या यादीत पाच कारणं असतात आणि मला त्यांतलं चौथं लावावं लागणार आहे."

"चौथं काय आहे?"

"मुलाखत घेणाऱ्यानं घरी बसून भरलं."

गुरुवारी मी स्वतः येतो, एका मुलाखतीला बाजूला बसतो, मग ठरवू, असं काहीसं तो पुढं म्हणाला. चाळीसही मुलाखती पुसल्या जाणार, नाव यादीतून जाणार, हे तिला पेललं असतं. पण सत्तावीस वर्षं चिखल तुडवून शेवटी कुठल्याशा यंत्रात आपल्या नावापुढे 'घरी बसून' असं कायमचं लागणार, हे काही केल्या गिळवेना. त्या रात्री भात तिनं ताटात तसाच ठेवला. सुनेनं विचारलं, "आई, मीठ जास्त झालं?" ती म्हणाली, "शुक्र, काही नाही."

सोबिरजोननं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सोपं आहे. ज्या घरी जाणार त्यांना सांगून ठेव, चांगलं घ्या म्हणून."

"आणि मग तो म्हणेल, आज बरोबर उत्तर आलं, म्हणजे चाळीस वेळा हीच खोटं बोलली. त्यानं डोळ्यांनी पाहायला हवं मला काय काय म्हणतात ते. अहो, मोहल्ल्यात एक शब्द बोलू नका."

"मी कशाला बोलू?" सोबिरजोन म्हणाला, टोपी डोक्यावर चढवली आणि चहाखान्याकडे निघाला.

गुरुवारी मिरअफझल सकाळच्या गाडीनं आला. यादीत एक्केचाळिसावं घर झेबिनिसो-खोलाचं होतं. खोला म्हणजे मावशी. बहात्तर वर्षांची, गुडघे गेलेली, सगळ्या मोहल्ल्याची मावशी. तिच्या घरी पाहुण्याला नानचा मधला मऊ भाग मिळतो आणि कडा घरातले खातात, हे कोकंदात सगळ्यांना ठाऊक. ओपाच्या जिवात जीव आला. याहून चांगलं घर नशिबानं निघालं नसतं.

खोलानं त्यांना माच्यावर बसवलं, उशा दिल्या, चहा दिला, तळवे चेहऱ्यावरून फिरवून दुआ मागितली. तब्येतीच्या प्रश्नांना ती धडाधड उत्तरं देत गेली. चालायला त्रास? नाही, शुक्र. दुखणं? नाही, शुक्र. मग ओपानं पहिली जोडी दाखवली आणि वाचलं, "मेहेरबानी करून सांगा, यांतलं कोणतं आयुष्य..."

"चांगलं," खोला म्हणाली. "मी घेते. मलाच द्या."

ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती. मान ताठ, कान लाल.

ओपा तिच्याकडे बघतच राहिली. या बाईनं जन्मात पाहुण्यादेखत स्वतःसाठी चांगलं काही उचललेलं तिनं पाहिलं नव्हतं. दुसरी जोडी. "चांगलं. मीच घेणार." तिसरी. "माझं." स्वयंपाकघराच्या दारामागून सुनेची कुजबुज आली, "शाब्बास, आई."

ओपाला सगळं उमगलं. मोहल्ल्यानं तिला वाचवायचं ठरवलं होतं. चहाखान्यातून तंदूरपाशी, तंदूरपाशी जमलेल्या बायांतून थेट खोलाकडे बातमी आली होती की आपण सगळ्यांनी वाईट घेतलं म्हणून ओपाची अब्रू चालली आहे, तेव्हा आता लाज सोडून चांगलं घ्यायचं.

"पाहिलंत ओपा?" मिरअफझल हळूच म्हणाला. "लोकांना प्रश्न व्यवस्थित कळतो." आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

आता काय बोलावं? शिकवून ठेवलंय म्हणावं, तर कोणी शिकवलं हा प्रश्न आलाच. गप्प राहावं, तर चौथं कारण. माणसं देवाकडे लाजेपासून वाचव म्हणून मागतात. ओपानं डोळे मिटून उलटं मागितलं: देवा, या बाईला थोडी लाज वाटू दे.

चौथी, पाचवी, सहावी. खोला घेत होती खरी, पण प्रत्येक वेळी आवाज एक पायरी खाली उतरत होता. मग सातवी आली. अ मध्ये सगळं ठणठणीत. ब मध्ये लोळागोळा, वेदना, जिवाला घोर. ओपानं वाचून दाखवलं आणि थांबली.

खोलानं भिंतीवरची नजर काढली आणि पहिल्यांदाच पाहुण्याकडे पाहिलं. हडकुळा, बुटांवर धूळ, नानला अजून हात लावलेला नाही.

"बाळा, तुझी आई आहे?"

"आहे, खोला."

"तिला कळलं की तू झेबिनिसोकडे गेलास, आणि चांगलं म्हातारीनं घेतलं नि तुला अंथरुण दिलं, तर ती काय म्हणेल?"

मिरअफझलनं घाईघाईनं नानचा तुकडा तोडला.

"ओपा, मला माफ कर," खोला म्हणाली. "तुझ्यासाठी सहा वेळा घेतलं. सातवं घशाखाली उतरेना." तिनं टॅब उचलला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला. "हे चांगलं तू घे."

"छे छे, खोला. तुम्ही मोठ्या. तुम्ही घ्या."

"माझं जगून झालंय. तू घे."

"असं कसं? मी तरुण आहे. मला दुसरं चालेल."

"काय चालेल? त्यात चालताच येत नाही."

"चालेल हो, खोला. खरंच चालेल." त्यानं उजवा हात छातीवर ठेवला, डाव्या हातानं टॅब आपल्याकडे ओढला आणि ती आणखी काही म्हणायच्या आत ब वर बोट दाबलं.

टॅबवर पुढचा प्रश्न आला. मिरअफझल आपल्या बोटाकडे पाहत राहिला. दारामागे कोणीतरी हसू तोंडात दाबलं.

"सहा वेळा तिच्यासाठी घेतलं म्हणजे काय?" त्यानं विचारलं.

"अरे, हिच्या नवऱ्यानं सांगितलं होतं."

"आमच्याकडे एक रेडिओ आहे," ओपा म्हणाली. "बंद करायची खुंटी तुटलेली आहे."

मिरअफझलनं पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. मूळ प्रश्न परदेशातून आलेला. तिथून तो रशियनमध्ये गेला आणि रशियनमधून आपल्या भाषेत आला. तो बोट फिरवत गेला आणि एका ओळीवर थांबला. मूळ प्रश्न चारच शब्दांचा होता: यांतलं कोणतं बरं आहे? रशियनमध्येही तसाच. मग तो ताश्कंदच्या एका वयस्कर, सज्जन भाषांतरकारापाशी पोचला होता आणि त्यांना असं तोडून विचारणं बरं वाटलं नव्हतं. त्यांनी 'मेहेरबानी करून सांगा' घातलं, आणि 'बरं आहे'च्या जागी 'घ्याल' घातलं.

"घ्याल," मिरअफझल स्वतःशी म्हणाला. समोर चहा होता, नान होता, खरबूज होतं. "दस्तरखानावर बसवून आपण त्यांना विचारलं, काय घ्याल. हा शब्द आपण बदलायला हवा होता."

"आपण नाही," ओपा म्हणाली. "तुम्ही. मला एक शब्द इकडचा तिकडे करायची परवानगी नव्हती आणि मी केला नाही."

"तोच तर घोळ झाला. तुम्ही थोडं स्वतःच्या भाषेत विचारलं असतंत, तर चाळीसही बरोबर आले असते."

"म्हणजे आकडे खरे ठरले असते आणि मी खोटी."

त्यानं चष्मा पुसला. पुसता पुसता त्याला दुसरंच काहीतरी सुचलं असावं, कारण त्याचा चेहरा उतरला. "मग ज्या बाईंची एकही चूक नाही," तो म्हणाला, "त्यांच्याकडे मला जायला हवं. प्रश्न तर त्यांच्याकडेही हाच होता."

खोलाला या सगळ्यातलं फारसं कळलं नाही. आपण पाहुण्याला वाईट आयुष्य घेऊ दिलं, याचंच तिला वाईट वाटत होतं. तेव्हा मिरअफझलनं टॅब मागे नेऊन सातवा प्रश्न पुन्हा काढला आणि विचारलं, "खोला, कोणी घ्यायचं नाही, कोणी द्यायचं नाही. नुसतं सांगा, यांतलं बरं कोणतं?"

"हे काय विचारणं झालं? अ. आंधळ्यालाही दिसेल."

"आणि इथं?" त्यानं पुढची जोडी दाखवली. एकात चालायला बराच त्रास, थोडं दुखणं, पण मन शांत. दुसऱ्यात हातपाय सगळे ठीक, दुखणं नाही, पण मनाला सतत घोर.

या वेळी खोलानं दोन्ही आयुष्यं पुन्हा वाचून घेतली. तिचा हात गुडघ्यावरून फिरत होता.

"हे दुसरं माझ्या बहिणीचं होतं," ती म्हणाली. "धडधाकट बाई, पण दार वाजलं की दचकायची. तशीच गेली. हे पहिलं माझं आहे, माझ्या ओळखीचं आहे. माझंच बरं."

मिरअफझल बोट दाबायचं विसरला. मग त्याला आठवलं. "पण मघाशी तुम्ही म्हणालात, चालायला काही त्रास नाही."

"मघाशी मी देवाचे आभार मानत होते, बाळा. आता तू विचारतोयस."

खोलाची सून सुपाचे वाडगे घेऊन आली. मिरअफझलनं हात पुढं केला, पण ओपानं वाडगा त्याच्यापासून चार बोटं लांब सरकवला. पाहुण्याशी ती असं आयुष्यात कधी वागली नव्हती.

"आधी माझ्या नावापुढचं पाहू," ती म्हणाली.

"ते मी ताश्कंदला गेल्यावर..."

"ताश्कंदला गेल्यावर तुम्हाला शंभर कामं असतील."

त्यानं यादी उघडली. एक: लक्ष नव्हतं. दोन: प्रश्न समजला नाही. तीन: घाईत होते. चार तिला पाठ होतं. पाच: इतर.

"पाच लावतो."

"इतर म्हणजे काय? उद्या कोणी वाचेल आणि त्यात चौथंच वाचेल. शब्द लिहा."

इतरच्या पुढे एक छोटी रिकामी चौकट होती. एवढ्याशा चौकटीत बसेल असा शब्द मिरअफझल शोधत राहिला. सुपाची वाफ त्याच्या चष्म्यावर चढत होती. शेवटी त्यानं लिहिलं: पाहुणचार.

"वाचून दाखवा."

"पाहुणचार."

"झालं?"

"हे एकाचं झालं. एकतीस आहेत. प्रत्येक नोंद वेगळी उघडून लिहावी लागते, हे यंत्र एकदम करू देत नाही." त्यानं सुपाकडे पाहिलं. "ओपा, अर्धं खाऊन अर्धं..."

"मी चाळीस घरं चाललेय," ओपा म्हणाली. "आणि आता शब्द बदललात, म्हणजे पुन्हा चाळीस चालायची आहेत. तुम्ही बसून लिहिताय."

तो लिहू लागला. खोलाला हे बघवेना. दहाव्यानंतर तिनं सूप परत गरम करायला पाठवलं, विसाव्यानंतर पुन्हा पाठवलं आणि ओपाला ऐकू जाईल असं पुटपुटली की कुठं शिकली ही असलं वागायला. ओपा ऐकत नव्हती. एकतिसावं झाल्यावर तिनं टॅब घेतला, चष्मा घातला आणि पहिल्यापासून एकेक नाव उघडून वाचू लागली, जशी पूर्वी लशीच्या तारखा वाचायची. एकोणिसाव्यापाशी ती थांबली.

"इथं एक अक्षर राहिलंय."

"बोट घसरलं असेल. कळतं ना, ओपा."

"दुरुस्त करा."

मिरअफझलनं ते अक्षर घातलं. ओपानं पुढची बारा नावं वाचली, मग कुठं चष्मा मिटून डबीत ठेवला, आणि वाडगा त्याच्यापुढे सरकवला.